नानांनी विकली नाही ती लेन्स

नाना खैरनारांच्या स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात चोवीस तास एक दिवा जळत असे. देवाचा नव्हे, साधा झिरोचा बल्ब. नवीन गिऱ्हाईक हमखास सांगायचं, "नाना, कपाटात लाईट चालू राहिलाय." नाना मान वर न करता म्हणायचे, "राहू द्या. आत मंडळी आहेत." मंडळी म्हणजे त्यांच्या जुन्या लेन्स. नाशिकच्या पावसाळ्यात हवा ओली झाली की काचेच्या आत बुरशी धरते. द्राक्षाच्या बागेवर भुरी येते तशीच दिसते ती, पांढरट, पिठासारखी. कपाटात बल्बची ऊब राहिली की ती धरत नाही, एवढाच त्यातला मुद्दा. पण नाना तो मुद्दा कुणाला समजावत बसत नसत. समजावणं हा त्यांचा प्रांतच नव्हता.

पंचवटीत मालेगाव स्टँडच्या उताराला त्यांचा स्टुडिओ होता आणि शेजारच्या गाळ्यात माझे टायपिंगचे क्लास. मधली भिंत अर्ध्या विटेची. माझ्या मशिनांचा खडखडाट त्यांनी अठरा वर्षं ऐकला आणि "हनुवटी खाली. आणखी. पुरे." हे मी तितकीच वर्षं ऐकलं. फोटो काढताना 'हसा' असं त्यांनी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "काका, हसू का?" तर म्हणाले, "हसण्यासारखं काही असेल तर हसा." ती बिचारी पासपोर्टवर आयुष्यभराची गंभीर होऊन बसली.

अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, खिशात पेनाऐवजी रंगाचा एक मऊ ब्रश. बोलणं तोलूनमापून. मला ते 'बाई' म्हणत, मी त्यांना 'नाना'. शेजारधर्म म्हणून चहा व्हायचा, पण गप्पा अशा कधी झाल्या नाहीत. जे काही त्यांच्याबद्दल ठाऊक आहे ते भिंतीपलीकडून ऐकलेलं आणि दारातून पाहिलेलं.

उन्हाळ्यात त्यांची एक गंमत असे. फेब्रुवारी-मार्चात, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या तेव्हा शेजारच्या चादरीवर नाना लेन्स मांडायचे. बुरशीला ऊन सोसत नाही म्हणे. एके दिवशी एका लेन्सचं तोंड जरा तिरकं राहिलं आणि त्यातून ऊन गोळा होऊन काकूंच्या पापडाला मधोमध भोक पडलं. काकू तो पापड घेऊन खाली आल्या, स्टुडिओत गिऱ्हाइकांसमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पापड भाजायचं कामही आता तुम्हीच बघा." नानांनी पापड उजेडात धरला, भोकातून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भोक अगदी गोल आहे. लेन्स चांगली आहे." त्या संसारात विनोद होई तो एवढाच.

लेन्स पारखण्यात मात्र त्यांच्यासारखा माणूस सबंध जिल्ह्यात नव्हता. मी त्यातलं काही जाणत नाही, पण लासलगावहून, मालेगावहून, सिन्नरहून माणसं रुमालात गुंडाळलेल्या जुन्या लेन्स घेऊन येत, एवढं मी पाहिलं आहे. सगळ्यांचा प्रश्न एकच: ठेवू की विकू? नाना लेन्स हातात घेत, कानाशी धरून तिची कडी फिरवत, ट्यूबलाईटकडे धरून आरपार पाहत. मग विचारत, "राहत कुठं होती?" लोक गोंधळत. त्यांना सांगायचं असे ती जपानी आहे की जर्मन आहे. नाना म्हणत, "ते वर लिहिलंय. राहत कुठं होती ते सांगा. माळ्यावर? ट्रंकेत? न्हाणीघराच्या भिंतीला लागून?" हे ऐकून झालं की निकाल. त्यांच्याकडे दोनच निकाल होते: 'ठेवा' आणि 'द्या'. किंमत त्यांनी कधी सांगितली नाही आणि निकाल कधी बदलला नाही.

अंबडच्या एका कारखान्यातला तरुण इंजिनिअर एकदा वडिलांची लेन्स घेऊन आला होता. वडील जाऊन वर्ष झालं नव्हतं. नानांनी पाहिलं आणि म्हणाले, "द्या."

"अहो, वडिलांची आहे," तो म्हणाला. आवाज जरा चढलाच होता.

"वडिलांनी काढलेले फोटो आहेत?"

"आहेत की. दोन पेट्या भरून."

"मग ते ठेवा. ही गेलेली आहे. जी दाखवत नाही ती ठेवून काय करणार?"

तो मुलगा रागावून गेला. मलाही नानांचा राग आला होता. माणसाच्या भावनेला काही किंमत आहे की नाही? तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई, भावना फोटोत असते. लेन्स हत्यार आहे." हे वाक्य मी पुढं त्यांना परत ऐकवणार होते, पण ते नंतर.

नानांचं आणखी एक काम होतं, ज्याबद्दल गल्लीत दबक्या आवाजात बोललं जाई. तेव्हा पोलिसांकडे स्वतःचे कॅमेरे नसत. नदीत, विहिरीत, रुळावर बेवारस प्रेत मिळालं की ओळखीसाठी फोटो लागे आणि त्यासाठी शहरातल्या एखाद्या स्टुडिओवाल्याला बोलावणं जाई. बाकीचे फोटोग्राफर हे काम टाळत, नाहीच टळलं तर जुना रोल आणि हाताला येईल तो कॅमेरा घेऊन जात. तक्रार करायला कोण येणार आहे? नानांचं उलटं होतं. कपाटातली सगळ्यात चांगली लेन्स त्यांनी फक्त याच कामासाठी राखून ठेवली होती. लग्नामुंजीला ती कधीच बाहेर निघत नसे.

एकदा माझ्या देखत एका हवालदारानं त्यांना छेडलं, "नाना, मेलेल्याला काय कळतंय, कुठल्या काचंतनं काढला ते?"

"त्याला नाही कळत," नाना ब्रशनं काच झटकत म्हणाले. "त्याला शोधत येणाऱ्याला कळतं. लग्नातला फोटो हलला तर नवरा-नवरी पुन्हा उभे राहतात. हा माणूस उद्या नसतो."

आणि ते खरंही होतं. सायखेड्याच्या एका घरातला परागंदा झालेला भाऊ नानांच्या फोटोवरूनच सापडला होता. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, पण शर्टाच्या खिशाला बायकोनं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातलेली टीप त्या फोटोत टाका न् टाका दिसत होती. त्या घरची माणसं नंतर स्टुडिओत येऊन नानांच्या पाया पडली. नानांनी त्यांना बसायला सांगितलं आणि पाणी दिलं.

लग्नांसाठी दुसरी एक लेन्स होती. रशियन. तिच्या आत बुरशी धरून गेली होती, साफ करूनही काचेवर सायीसारखा एक पापुद्रा राहिला होता. नानांच्याच न्यायानं ती केव्हाच 'द्या'मध्ये जायला हवी होती. पण तिच्यातून काढलेल्या नवऱ्या मुली भारी दिसत. मुरुमं दिसत नसत, काळवंडलेलं दिसत नसे, सगळ्यांचे चेहरे कसे मऊ. गिऱ्हाईक खूश. "लोकांना स्वतःला न ओळखण्याएवढं चांगलं दिसायचं असतं," असं नाना म्हणत आणि ती लेन्स वापरत.

अठ्ठ्याण्णव साली, द्राक्षाच्या हंगामात लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडचं लग्न आलं. दीडदोनशे माणसांचा एकत्र फोटो हवा होता आणि प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे अशी अट. ते लग्न काढायला जाणारा नानांचा धाकटा भाऊ हट्टाला पेटला की चांगली लेन्स दे, एकदा दिली तर काय बिघडतं. नानांनी दिली. नियम केल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. नदीच्या काठाला एका तरुण बाईचं प्रेत लागलं होतं. चांगली लेन्स अजून भावाबरोबर लासलगावलाच होती आणि उरलेल्या कॅमेऱ्यावर रशियनच बसत होती, म्हणून नाना ती घेऊन गेले.

सकाळची उन्हं पाण्यावरून समोरून येत होती. प्रेत हलवता येत नव्हतं. नानांनी काढायचे ते फोटो काढले. धुऊन पाहिले तेव्हा समोरच्या उन्हानं काचेवरचा तो पापुद्रा उजळून सगळं दुधात बुडवल्यासारखं. पुन्हा काढण्यासाठी गेले तोवर पुष्कळ उशीर झाला होता, चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. पंचनाम्यात 'डाव्या हातावर गोंदण' एवढीच खूण होती, आणि डोंगराकडच्या बहुतेक बायकांच्या हातावर गोंदण असतं. कपडे बाजारात कुणीही घेईल असे. थांबायचे तेवढे दिवस थांबून तिला अग्नी दिला गेला.

त्यानंतर महिन्याभरानं पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून मंजुळाबाई आली. तिची मुलगी तुळसा मजुरांच्या टोळीबरोबर द्राक्षाच्या खुडणीला खाली आली होती, ती होळीला घरी परतली नव्हती. पोलिसांनी फोटो दाखवला, तिला काही कळेना, तेव्हा त्यांनी तिला नानांकडे पाठवलं, मोठा करून देतील म्हणून. तुळसाचा असा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता, त्यामुळे शेजारी ठेवून बघायला दुसरं काही नव्हतं.

नानांनी तो फोटो मोठा केला. वेगवेगळ्या कागदांवर पाच तऱ्हांनी छापला. मंजुळाबाई जमिनीवर बसून पाचही फोटो पुढ्यात मांडून बघत राहिली. शेवटी म्हणाली, "आसंल बी. नसंल बी."

मग तिनं विचारलं, "भाऊ, फोटू जाऊ द्या. तुमी तं तिला डोळ्यानं बघलं व्हतं ना? हातावर येल व्हता का गोंदलेला? मनगटाशी तीन ठिपके?"

मी त्या वेळी दारात उभी होते. नाना म्हणाले, "मी बघितलं नाही, मावशी. मी फोकस बघत होतो."

त्या दिवसानंतर नाना प्रेतावर जात तेव्हा आधी कॅमेरा खाली ठेवून नुसते उभे राहत आणि दिसतील त्या खुणा मोठ्यानं बोलून हवालदाराला लिहून घ्यायला लावत. पोलीस वैतागत. पण तुळसाचं काय झालं, ते त्यानं कळणार नव्हतं. मंजुळाबाई आता स्वतः खुडणीला येई आणि दरवर्षी, टोळी गावी परतायला निघाली की होळीच्या आधी एक दिवस वाट वाकडी करून स्टुडिओत यायची. नाना पाकीट काढायचे. ती बघायची. "आसंल बी, नसंल बी." हात जोडून निघून जायची. नाना तिला पाणी देत, चहा मागवत. लेन्सबद्दल मात्र ते तिच्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत.

असं सहा वर्षं चाललं. सहाव्या वर्षी ती आली तेव्हा स्टुडिओ उघडायचा होता, म्हणून मी तिला माझ्या पायरीवर बसवलं. चहा पिता पिता ती सहज बोलावं तसं म्हणाली, "घरात बोलत्यात मला, बाई. मालक बोलतो, सासू मरेस्तोर बोलली. कशी आय गं तू, पोटची पोर वळखाया येत नाय. मलाबी तसंच वाटतं. लेकराला गाय वळखती, शेळी वळखती. मी काय दगडाची हाय?"

ती गेल्यावर मी हे नानांना जसंच्या तसं सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असं मला नंतर वाटलं. त्यांनी डबा उघडला होता, तो झाकून ठेवला. "बाई," एवढंच म्हणाले, "हे मला आधी का नाही सुचलं." काय सुचलं नाही ते मी विचारलं नाही. त्यांचं तोंडच असं झालं होतं की विचारवेना.

एव्हाना डिजिटल कॅमेरे आले होते. पोलिसांकडेही आले. पासपोर्टचे फोटो कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पाच मिनिटांत देऊ लागला. काकू गेल्या. नानांना साखरेनं घेरलं, पायाची जखम भरेना. भावानं अंबडला घर घेतलं होतं, तिकडे राहायला जायचं ठरलं आणि गाळा पाडव्यापर्यंत रिकामा करून द्यायचा होता. लेन्स विकायला काढल्या.

पुण्याहून कॉम्प्युटरमधला एक तरुण आला. हातानं फिरवायच्या जुन्या लेन्सचा त्याला नाद होता. नानांनी नऊ लेन्स टेबलावर मांडल्या. प्रत्येक लेन्स देताना ते त्याला ती राहिली कुठं आणि कशी ते सांगत गेले. चांगली लेन्स दिली तेव्हा मला वाटलं, आता थांबतील. थांबले नाहीत. फक्त म्हणाले, "हिच्यातून फार प्रेतं काढलीत मी. चालत नसेल तर घेऊ नका." तो मुलगा क्षणभर थबकला आणि मग त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. मला तो मुलगा आवडला.

मग त्याचं लक्ष कपाटात राहिलेल्या दहाव्या, रशियन लेन्सकडे गेलं. ट्यूबलाईटकडे धरून बघितल्याबरोबर त्याचे डोळे चमकले. "नाना, ही द्याच. असा धूसर इफेक्ट आता लोक शोधत फिरतात."

"ही नाही."

"का? खास आहे?"

"सगळ्यात वाईट आहे."

"मग ठेवताय कशाला?"

"काम आहे," नाना म्हणाले.

तो गेल्यावर मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. "नाना, लेन्स हत्यार आहे ना? मग एक चांगली तरी ठेवायची. वाईट काय ठेवली?" थोडं लागेल असंच बोलले मी. इतक्या लोकांना 'द्या' म्हणून परत पाठवणारा माणूस स्वतःवर वेळ आली की साध्या माणसासारखा वागतो, याची मला गंमत वाटत होती. त्यांनी ती लेन्स शेवटच्या शिल्लक कॅमेऱ्यावर आट्यात फिरवून बसवली आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

स्टुडिओ रिकामा झाला. पडदे गेले, स्टुलं गेली. तरी नाना रोज येऊन एका खुर्चीवर बसत. पाय सुजलेला, बाजूला कॅमेरा. होळी जवळ आली तसे ते सकाळी स्टँडवर जाऊन पेठकडे निघालेल्या मजुरांना मंजुळाबाईचा पाडा विचारू लागले. भाऊ न्यायला आला की सांगत, आणखी दोन दिवस. मला आता कुठं थोडं कळू लागलं होतं. त्या बाईला ठाऊक असलेला पत्ता हा एकच होता. पाडव्यानंतर ती आली असती तर तिला बंद शटर दिसलं असतं.

ती आली होळीच्या आदल्या दिवशी, दुपारी. या वेळी तिच्याबरोबर मुलगा होता, रामदास, विशीतला. नाना मला म्हणाले, "बाई, तुम्ही पण या." का ते तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, कुणीतरी ऐकायला हवं होतं.

त्यांनी पाकीट काढलं नाही. रामदासला दारात, रस्त्याच्या उजेडाकडे पाठ करून बसवलं. कॅमेरा मंजुळाबाईच्या हातात दिला, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं, कडी स्वतः फिरवून दिली. "बघा, मावशी. काय दिसतंय?"

ती बराच वेळ बघत होती. "धुकं हाय," ती म्हणाली. मग, "रामू, हास बरं." रामदास हसला. "हासला का तू?"

"हासलो की."

"नाय दिसलं." तिनं कॅमेरा खाली घेऊन मुलाकडे पाहिलं, पुन्हा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला. "माझा पोरगाबी वळखू येत नाय यातनं."

"नाही येणार," नाना म्हणाले. ते उभे होते, उभं राहण्याची त्यांना मनाई होती तरी. "कुणालाच येणार नाही. तुळसाचा म्हणतात तो फोटो याच काचेतून काढलाय. तुम्ही ओळखायला चुकला नाहीत, मावशी. माझ्याकडे चांगली काच होती, ती मी त्या दिवशी लग्नाला दिली होती."

मंजुळाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही. आवाज चढवला नाही. "मंग सात वरसं का नाय सांगितलं?"

नानांना मी कधी अडखळताना पाहिलं नव्हतं. "लाज वाटली," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. क्षमा वगैरे काही केली नाही, आणि तिनं का करावी? ती उठली, रामदासच्या जागी स्वतः उजेडाकडे पाठ करून बसली आणि कॅमेरा मुलाकडे दिला. "आता तू बघ. आय वळखू येती का सांग."

त्यानं डोळा लावला. "नाय गं," तो म्हणाला.

"मंग हे घरी बापाला सांग. तसंच सांग." आणि नानांकडे वळून म्हणाली, "हे मला द्या. पाड्यावर समद्यास्नी दावते."

नानांनी दिला. कॅमेऱ्याचा पट्टा नीट गुंडाळून त्यांनी तो तिच्या फडक्यात बांधला आणि आमचं कुणाचं न ऐकता लंगडत पेठच्या गाडीपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. मी मागोमाग गेले, वाटेत पडतील या भीतीनं. गाडी सुरू झाली तरी ते खिडकीला हात लावून रामदासला बजावत होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांना तोंडावर उजेड घ्यायला सांगितलं, तो म्हणत होता, "उजेड तोंडावर पडू देऊ नको. माणसाला उजेडाकडे पाठ करून बसव. वडिलांना आधी आईकडे बघायला सांग. मग तिच्या हातात दे आणि वडिलांना बसव."